पंपघरातला फिका कागद

१

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तरणतलावाच्या पंपघरातून पिवळट हिरवा धूर निघाला आणि अकरा मुलं ओल्या अंगानं, खोकत, डोळे चोळत रस्त्यावर धावत आली. त्यातली एक माझी भाची. वय वर्षं दहा. पाण्याबाहेर काढलं की भोकाड पसरते म्हणून घरात तिला सगळे मासोळी म्हणतात. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणत होती, "मावशी, माझी टोपी आतच राहिली." माझी ताई तिचा हात धरून बसली होती.

धूर कशाचा ते लगेच कळलं. तलावाच्या पाण्याला दोन गोष्टी लागतात, क्लोरीनचं द्रावण आणि ॲसिड. दोन्ही वेगवेगळ्या टाक्यांत ओतायची. एकत्र आली की विषारी वायू होतो. त्या दिवशी क्लोरीनच्या टाकीत कुणीतरी ॲसिड ओतलं होतं. आणि हा 'कुणीतरी' कोण, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पंपघरात एकच माणूस बेशुद्ध सापडला, तिथला पंपवाला. बावीस वर्षं तिथंच काम करणारा. आता त्याच्या घशात नळी होती आणि बोलणं तर सोडाच, डोळेही उघडत नव्हता.

ताईनं अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर त्याच्या बायकोला गाठलं. "तुझ्या नवऱ्यानं माझी पोर मारली असती! तो उठला की आधी तुरुंगात जाईल, बघच तू." त्या बाईच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती, पिशवीत त्याच्या चपला. ती पिशवी तिनं फक्त जरा घट्ट धरली.

मी ताईला ओढून आणलं. पण खरं सांगते, मनातून मी ताईच्याच बाजूची होते.

सोमवारी सकाळी चौकशी अधिकारी माझ्या प्रयोगशाळेत आले. जुन्या छापील कागदांची तपासणी हे माझं काम. तिकिटं, नकाशे, जाहिराती खऱ्या की बनावट, कोणत्या शाईच्या, कोणत्या काळातल्या, ते मी सांगते. त्यामुळे आमच्या इमारतीत मला शाईबाई म्हणतात. साहेबांनी टेबलावर एक पारदर्शक पाकीट ठेवलं. आत पत्र्याच्या जुन्या चौकटीत बसवलेला एक कागद होता. चौकटीला काच नव्हती. कागदावर वर मोठ्या ठळक अक्षरांत 'सावधान' असं होतं. ते कधीतरी लाल असावं, आता फिकट गुलाबी उरलं होतं. खाली काळ्या अक्षरांत दोन ओळी:

ॲसिड व क्लोरीन एकत्र करू नये.
पिंपावरचे लेबल वाचूनच ओतावे.

त्याखाली कोरा कागद.

"पंपघराच्या भिंतीवर होता," साहेब म्हणाले. "व्यवस्थापक म्हणतात, दोन वर्षं तिथं लटकतोय. तसं असेल तर सरळ आहे. माणसाला धोका माहीत होता, सूचना डोळ्यांसमोर होती, तरी त्यानं हलगर्जीपणा केला. आणि नसेल, तर सूचना न लावणारा दोषी. मला एवढंच सांगा, हा कागद खरंच दोन वर्षांचा आहे का?"

"साहेब, माझी भाची त्या अकरांत आहे. हे काम माझ्याकडे नको."

"माहीत आहे. यंत्र इथं एकच आहे, आणि मोठ्या प्रयोगशाळेत आठ महिने रांग. शिवाय," ते म्हणाले, "तुम्ही त्या माणसाची बाजू घ्याल असं कुणी म्हणणार नाही. बुधवारी पाचला मला अहवाल द्यायचाय. दवाखान्यात त्याच्या दाराशी पोलीस बसलाय."

२

नुसत्या कागदावरून मी कधी मत देत नाही. कागद कुठं होता, कुणाच्या हातातून गेला, ते बघावं लागतं. त्याच दुपारी साहेबांबरोबर तलावावर गेले.

तलाव रिकामा केला होता. निळ्या फरश्यांवर एक लहान चप्पल पडली होती. मी नजर वळवली.

व्यवस्थापक गोरेगोमटे, कपाळावर सतत रुमाल फिरवणारे. "हो, दोन वर्षं. मीच सांगून लावून घेतली. सुरक्षिततेच्या बाबतीत आम्ही कधी डोळेझाक करत नाही, मॅडम. पण लावलेली सूचना माणसानं वाचलीच नाही, तर आम्ही काय त्याचं मुंडकं धरून वाचायला लावायचं?"

"त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"दिवसभर बैठकीत. धूर झाल्यावर फोन आला, तेव्हा कळलं."

कारकूनबाईंच्या खोलीत एक छपाई यंत्र, एक फोन आणि भिंतीवर किल्ल्यांची फळी. पन्नाशीच्या बाई. माझ्याकडे न बघता कागदांचा गठ्ठा सारखा करत होत्या. सारखा झालेला गठ्ठा पुन्हा विस्कटून पुन्हा सारखा करत होत्या.

"सूचना तुम्ही छापलीत?"

"इथलं सगळं मीच छापते."

"केव्हा?"

"व्यवस्थापकसाहेबांनी सांगितलंय ना तुम्हाला. दोन वर्षं झाली."

मी ते वहीत तसंच उतरवलं. माणसं काय बोलली ते शब्दाला शब्द टिपायची मला खोड आहे. शाईच्या धंद्यात ती लागते.

कोच तलावाच्या काठावर भेटला. रुंद खांद्यांचा, तिशीतला. मुलांचा जीव की प्राण. मासोळीच्या खोलीत त्याचा फोटो आहे. धूर आला तेव्हा शिट्टी फुंकून, एकेकाला दंडाला धरून यानंच मुलांना बाहेर काढलं होतं. त्याचेही डोळे लाल होते. आवाज बसला होता.

"मासोळी कशी आहे?" त्यानं आधी विचारलं.

"बरी आहे. खोकला आहे अजून."

"शुक्रवारी स्पर्धा होती तिची." तो रिकाम्या तलावाकडे बघत राहिला. मग एकदम चिडून म्हणाला, "लाल अक्षरांत लिहून ठेवलंय, विचारल्याशिवाय हात लावू नका म्हणून. आणखी काय करायचं माणसानं? बावीस वर्षांचा अनुभव! काय उपयोग?"

तेही मी लिहून घेतलं.

परतताना गाडीत साहेबांनी मला अग्निशमन दलानं काढलेले फोटो दाखवले. पंपवाला टाकीपाशी नव्हता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वर जाणाऱ्या हवेच्या नळाच्या मोठ्या झडपेला टेकून पडला होता. दाराशेजारच्या खिळ्यावर रबरी हातमोजे आणि तोंडावरचा मास्क टांगलेले होते. कोरडे.

"बंद करायला धावला असेल," साहेब म्हणाले. "आपणच केलेलं निस्तरायला."

पटण्यासारखं होतं. पण ते कोरडे हातमोजे डोळ्यांसमोरून हलेनात.

३

मंगळवारी सकाळी मी कागद यंत्राखाली ठेवला.

हे यंत्र काय करतं, ते मी मासोळीला एकदा सांगितलं होतं, तसंच सांगते. लेझरचा बारीक किरण शाईच्या ठिपक्यावर टाकायचा. बहुतेक प्रकाश आला तसा परत जातो. पण अगदी थोडा, कोटींत एखादा कण, शाईच्या रेणूला धडकून जरासा बदलून येतो. किती बदलला, त्याचा आलेख निघतो. प्रत्येक रंगाचा आलेख वेगळा. डोळ्यांना दोन लाल सारखे दिसले तरी यंत्र फसत नाही. कागदाला ओरखडाही पडत नाही. या तंत्राला रामन वर्णपटशास्त्र म्हणतात. मासोळी तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे रंगाला टपली मारायची आणि तो काय ओरडतो ते ऐकायचं."

'सावधान'वर मी बारा ठिकाणी टपली मारली. लाल रंगाचा आवाज क्षीण आला. तीन हिश्श्यांतले दोन हिस्से रंग मरून गेला होता. काळा रंग मात्र ठणठणीत, कारण तो काजळीचा. काजळीला काही होत नाही.

आता ताजा असताना हा लाल कसा होता, ते हवं होतं. त्याच कार्यालयातून छापलेला दुसरा लाल रंग कुठं मिळेल? मग एकदम आठवलं. पोहण्याची प्रमाणपत्रं! तलावाकडून मुलांना दर वर्षी मिळतात. लाल किनार असलेली.

ताईच्या घरी गेले. मासोळी कालच घरी आली होती. उशा रचून बसली होती, शेजारी वाफेचं भांडं. दप्तराच्या कप्प्यातून तिनं दोन प्रमाणपत्रं काढली. एक दोन वर्षांपूर्वीचं, एक गेल्या महिन्यातलं.

"कापणार?" तिनं डोळे मोठे केले.

"रंग कसा उडतो ते करून बघायला कडेची एक पट्टी लागेल. नव्याची."

"कडेचीच हं. माझं नाव नको कापू."

ताई दारात उभी होती. "कशासाठी चाललंय हे? तो माणूस दोषी आहे. आता शाई काय बघायची त्यात?"

"ताई, एकच गोष्ट बघायची आहे. मग संपलं."

पण संपलं नाही. दोन्ही प्रमाणपत्रं यंत्राखाली घातली आणि मी खुर्चीत सरळ बसले. दोन वर्षांपूर्वीच्या किनारीचा लाल एका जातीचा होता, गेल्या महिन्यातल्या किनारीचा दुसऱ्या. मधल्या काळात कार्यालयानं शाई बदलली होती, आणि ही नवी शाई बाजारातच गेल्या महिन्यात आली होती. आणि 'सावधान'मध्ये उरलेला तो क्षीण लाल? शिखराला शिखर जुळत होतं, पण नव्या प्रमाणपत्राशी.

सूचना दोन वर्षांची नव्हती. फार तर महिन्याभराची होती. व्यवस्थापक धडधडीत खोटं बोलत होते.

मी साहेबांना फोन लावला. "कागद बनावट आहे. अपघातानंतर छापून, मुद्दाम फिका करून लावलाय."

ते म्हणाले, "शक्यच नाही, मॅडम. वायू भरलेला असतानाच अग्निशमनवाल्यांनी पंपघर बाहेरून बंद केलं आणि सील लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते सील मी माझ्या हातानं तोडलं. आत पहिलं पाऊल माझं. कागद भिंतीवर होता, आणि असाच फिका होता."

४

मला त्या दुपारी जेवण गेलं नाही. उद्या पाचला अहवाल. महिन्याभराच्या आतला कागद. दोन वर्षांइतका फिका. आणि अपघातानंतर तिथं कुणी गेलेलंच नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या कशा असतील?

पंपघराला खिडकी नाही, ते मी पाहिलं होतं. मग ऊन कुठलं? फिका कशानं झाला?

मी हातमोजे घातले आणि चौकटीचे स्क्रू काढले. पत्र्याच्या कडेखाली कागदाची बोटभर रुंद पट्टी झाकलेली होती. 'सावधान'च्या शेवटच्या अक्षराचा उभा दंड नेमका त्या पट्टीत शिरला होता. उजेडानं रंग उडाला असता तर तेवढा दंड लालभडक राहायला हवा होता. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागचा रंग ताजा दिसतो, तसा.

दंड फिका होता. तितकाच फिका.

उजेड पत्र्यातून जात नाही. वायू मात्र फटीतून जातो.

मासोळीच्या प्रमाणपत्राची पट्टी मी काचेच्या बरणीत टांगली, अर्ध्या भागावर पत्र्याचा तुकडा अडकवला, आणि धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, काच खाली ओढून, बरणीत थोडा क्लोरीन वायू सोडला. दहा मिनिटं. लाल किनार माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी होत गेली. पत्र्याखालचीही.

दोन वर्षं नव्हेत. दहा मिनिटं. ज्या वायूनं अकरा मुलांची छाती जाळली, त्यानंच कागदाचा रंग खाल्ला होता. म्हणजे धूर निघाला तेव्हा कागद भिंतीवर होता. अपघातानंतर नव्हे, आधी लावलेला. पण थोडाच आधी.

मग हे लपवायचं कुणाला होतं? व्यवस्थापकांना तर आपोआप जुना दिसणारा कागद मिळाला होता, त्यांनी फक्त 'दोन वर्षं' म्हटलं. पण मग लावला कुणी? आणि ज्यानं लावला तो पुढं येऊन बोलत का नाही?

बसल्या बसल्या मी वही चाळत होते. कोचचं वाक्य आलं. लाल अक्षरांत लिहून ठेवलंय, विचारल्याशिवाय हात लावू नका म्हणून.

मी कागदाकडे पाहिलं. पुन्हा वहीकडे. 'सावधान'. एकत्र करू नये. लेबल वाचून ओतावे. विचारल्याशिवाय हात लावू नका, असं या कागदावर कुठंच नव्हतं.

खाली कोरी जागा होती. चार बोटं.

पण इमारत बंद व्हायची वेळ झाली होती; यंत्र सकाळीच मिळणार होतं.

५

बुधवारी सकाळी साडेआठला मी त्या कोऱ्या जागेवर यंत्र लावलं. ठळक अक्षरांत शाई दाट असते, म्हणून 'सावधान' थोडं तरी तगलं. बारीक अक्षरांतला लाल रंग पार उडून जाऊ शकतो. डोळ्यांना काही दिसणार नाही. पण रंगाचे मोडके तुकडे कागदाच्या तंतूंत अडकलेले असतात, आणि त्यांचा आवाज यंत्राला ऐकू येतो. पट्टीवर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर एकेक ठिपका. साडेपाच हजार ठिपके, प्रत्येकाला चार सेकंद. सहा तासांवर वेळ. आणि लेझरचा जोर वाढवून घाई करावी, तर कागद करपणार.

मी बसून राहिले. अकराला ताईचा फोन आला. "मासोळीला पुन्हा धाप लागली होती. आता बरी आहे. तू अहवाल दिलास?"

"नाही अजून."

"काय बघत बसली आहेस तू?" तिचा आवाज फुटला. "तो माणूस सुटला तर मी तुला माफ करणार नाही, सांगून ठेवते."

मी फोन ठेवला. मला स्वतःलाच माहीत नव्हतं, मी काय बघत बसले आहे. पडद्यावर करड्या मैदानात एखादा गुलाबी ठिपका उमटायचा, मग बराच वेळ काही नाही. बाराच्या सुमाराला एक उभी रेघ झाली. मग वेलांटी. मला भ्रम झाल्यासारखं वाटलं, म्हणून मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

पावणेतीनला ओळ पूर्ण झाली. अक्षरं तुटकी, पण लहान मूलही वाचू शकलं असतं.

मला विचारल्याशिवाय पिंपाला हात लावू नये. – पंपवाला, दि. १४

चौदा तारीख. तोच गुरुवार.

सूचना त्याच माणसाची होती. ज्या कागदानं त्याला फासावर चढवायला सगळे निघाले होते, तो त्यानं स्वतः, त्याच दिवशी, लोकांना सावध करायला लावला होता.

आणि खालची ओळ कोचला पाठ होती. आता ती कुणालाच दिसत नव्हती. छापणाऱ्यानं, लावणाऱ्यानं, किंवा धूर निघायच्या आधी त्या खोलीत गेलेल्यानंच ती वाचलेली असणार.

६

साडेतीनला साहेब आणि मी तलावावर पोचलो. आधी कारकूनबाईंकडे गेलो. पडद्याचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि हातातला गठ्ठा खाली सोडून दिला. कागद सगळीकडे पसरले. त्यांनी उचलले नाहीत.

"मीच छापली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी अकराला. नवीन पिंपं आली होती. दोन्ही निळी, आणि एकावरही लेबल नव्हतं. तो व्यवस्थापकांकडे गेला. ते म्हणाले, बैठकीची घाई आहे, नंतर बघू. मग तो माझ्याकडे आला. म्हणाला, बाई, एवढं छापून द्या. शेवटची ओळ लाल करा, म्हणजे डोळ्यांत भरेल."

"दुपारी तो कुठं होता?"

बाईंनी फोनकडे बोट केलं. "या खुर्चीत. साडेचारपासून पुरवठादाराला फोन लावत होता. कुठल्या पिंपात काय आहे ते विचारायला. तिकडून कुणी नीट सांगेना. खिडकीतून धूर दिसला, तसा फोन टाकून धावला. फोन लोंबकळत होता, मी तो जागेवर ठेवला."

साहेब उठून उभे राहिले. "सहा दिवस तुम्ही हे बोलला नाहीत?"

"पंपघराची दुसरी किल्ली मी चारलाच दिली होती ना!" आता मात्र त्यांना रडू आलं. "व्यवस्थापकसाहेब म्हणाले, सूचना जुनी दिसतेय, जुनीच म्हणायची. नाहीतर किल्ली देणारी पहिली आत जाईल."

"किल्ली कुणाला दिलीत?"

उत्तर मला माहीत होतं. तरी ते ऐकायचं नव्हतं.

कोच आपल्या खोलीत तरंगत्या फळ्या रचत होता. मी त्याच्यासमोर वही उघडून ठेवली, त्याचंच वाक्य, आणि शेजारी पडद्याचा फोटो.

"हातमोजे कोरडे होते," मी म्हणाले. "बावीस वर्षं हे काम करणारा माणूस हातमोज्यांशिवाय ओतत नाही. तो टाकीपाशी नव्हता, झडपेपाशी होता. वायू तुमच्या कपडे बदलायच्या खोल्यांत चढू नये म्हणून झडप बंद करायला गेला. मास्क घ्यायलाही थांबला नाही. ओतलं दुसऱ्या कुणीतरी. ही ओळ वाचून."

कोच फळ्यांवर बसला.

"पाणी गढूळ दिसत होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी स्पर्धा. मी त्याला शोधलं, मॅडम. तलावाभोवती दोन मिनिटं शोधलं. वाचली मी ती ओळ. वाटलं, काय एवढं, डावीकडचं पिंप नेहमी क्लोरीनचंच असतं. ओतलं. आणि..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी पळालो. मुलं बाहेर काढायला पळालो, हे खरं आहे. पण आधी मी पळालो. पंपघराच्या जिन्यात तो मला आडवा गेला. आत जात होता. मी त्याला थांबवलं नाही."

"आणि नंतर?"

"नंतर सगळे मला शाबास म्हणायला लागले."

साडेचारला साहेबांनी दवाखान्यात फोन करून दाराशी बसलेल्या पोलिसाला उठायला सांगितलं. पुरवठादाराला बोलावणं गेलं. व्यवस्थापकांच्या दारावर साहेबांनी टकटक केलं तेव्हा ते कुणाला तरी फोनवर सांगत होते की आमच्याकडे सुरक्षिततेच्या बाबतीत कधी डोळेझाक होत नाही. माझा अहवाल पाच वाजायला सात मिनिटं असताना दिला. माझ्या घाईतल्या अक्षरावर नंतर साहेब बरेच दिवस हसले.

ताईला मी घरी जाऊन सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती. सगळं ऐकून तिनं गॅस बंद केला आणि भांड्यावर झाकण ठेवलं. काढून पुन्हा ठेवलं.

"कोचनं?" एवढंच म्हणाली.

मासोळीला कोण सांगणार, यावर आम्ही बोललोच नाही. ती पलीकडच्या खोलीत त्याच्या फोटोखाली झोपली होती.

गुरुवारी सकाळी ताई म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटीनं मला जमणार नाही." दवाखान्यात त्याच बाकावर ती बाई बसली होती. तीच साडी. पिशवी शेजारी ठेवलेली. आम्हाला बघून ती उठली नाही. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वाटेत घोकलेलं सगळं विसरली.

"मी त्या दिवशी... मला माहीत नव्हतं..." ताई म्हणाली. "मला माफ करा."

त्या बाईनं ताईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि दयाही नव्हती. आठवडाभर जागलेल्या माणसाचे डोळे होते ते.

"माफीचं नंतर बघू," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, आज शुद्धीवर येईल. कुणीतरी जवळ हवं. तुम्ही तासभर आत बसाल का? मला घरी जाऊन अंघोळ करून यायचंय. सात दिवस झाले."

ताईनं पर्स माझ्याकडे दिली, चपला दाराशी काढल्या, आणि आत जाऊन त्या माणसाच्या उशाशी बसली.